तीस लाखांची बोली : जळगावच्या केळी-भुकटी कारखान्याची गोष्ट



सध्या आपल्या घरोघरी एक विषय चालू आहे. मुलगा शिकून परत आलाय, नोकरीत मन नाही. तो म्हणतो, नवीन दुकान उघडून गिऱ्हाइकाची वाट बघण्यापेक्षा कुणाचं तरी चालतं दुकान घेऊ. गेवराईला कुणी कृषी सेवा केंद्र विकतंय, माजलगावला कुणी जिनिंगमधला हिस्सा सोडतंय, बीडला एखादं मेडिकल नाहीतर कापडाचं दुकान निघालंय. पुरुषमंडळी बैठकीत बसून आकडे काढतात. पैसे कुठून येणार हा प्रश्न मात्र फिरून स्वयंपाकघरात येतो. आपली एफडी, आपलं सोनं, सुनेच्या माहेरचं काही. म्हणून म्हटलं, या विषयावर आपणही चार गोष्टी नीट समजून घेतल्या पाहिजेत. आणि समजून घ्यायला आपल्याच समाजातल्या इतिहासासारखा शिक्षक नाही.

चालता धंदा विकत घेणं आपल्याला नवं नाही. मारवाडातून आपले पूर्वज मराठवाड्यात आले तेव्हा बीड जिल्हा निजामाच्या राज्यात होता. लोटा-दोरी घेऊन आलेला माणूस आधी कुणाच्या तरी पेढीवर मुनीम म्हणून राहायचा. हिशेब, गिऱ्हाईक, गावाची नड सगळं त्याच्या डोळ्यांखालून जायचं. मालकाला मूल नसलं किंवा त्याने गाव बदललं, की तीच पेढी मुनिमाकडे यायची. म्हणजे विकत घेण्याआधी दहा-बारा वर्षं तो धंदा आतून बघितलेला असायचा. तिथे कुणी दलाल नव्हता आणि छापील ताळेबंदही नव्हता.

आमच्या सासऱ्यांनी १९७४ साली किराणा-भुसार दुकान असंच घेतलं. ७२ च्या दुष्काळाने कंबर मोडलेला एक व्यापारी पुण्याला मुलाकडे निघाला होता. सासरे पंधरा दिवस समोरच्या ओट्यावर बसून किती माणसं दुकानात चढतात आणि किती रिकाम्या हाताने उतरतात ते मोजत होते. सासूबाईंच्या पाटल्या गहाण पडल्या, त्या तीन वर्षांनी सुटल्या. त्यांनी पाटल्या काढून देण्याआधी एकच गोष्ट विचारली होती : "हा माणूस चालवू शकला नाही ते आपण कशाच्या जोरावर चालवणार?" मला वाटतं, या विषयातला हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे. आज जी गोष्ट सांगणार आहे, तिच्यातही तोच प्रश्न आहे, फक्त आकडे मोठे आहेत.

वाकोदचा मुलगा

भवरलाल जैन हे नाव आपल्याला माहीत आहे. शेतातल्या ठिबकच्या काळ्या नळीमुळे ते बीडच्या शेतकऱ्यालाही माहीत आहे. कापूस असो, मोसंबी असो की आपलं सीताफळ, आपल्या कोरड्या जिल्ह्यात ती नळी दिसत नाही असं शिवार आता कमीच. पण ही नळी येण्याच्या कितीतरी आधी त्यांच्या आयुष्यात एक खरेदी झाली, तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही.

त्यांचा जन्म १२ डिसेंबर १९३७ चा, जळगाव जिल्ह्यातल्या वाकोद या छोट्या गावातला. अजिंठ्याच्या लेण्यांपासून हे गाव जवळच. घराणं मूळ राजस्थानातलं, आपल्यासारखंच. मुंबईला बी.कॉम. आणि मग कायद्याची पदवी घेतली. सरकारी अधिकाऱ्याची नोकरी चालून आली होती. त्या काळात अशी नोकरी म्हणजे घराचं नशीब उघडलं असं मानायचे. पण आई गौराई यांचं मत वेगळं पडलं. माणसांना, जनावरांना, पाखरांना ज्याचा उपयोग होईल असं काहीतरी कर, असा तिचा आग्रह होता. मुलाने तो मानला. शाळेत फारशी न गेलेल्या आईचं मत इतकं मोलाचं ठरू शकतं, हे मुद्दाम लिहिते, कारण बैठकीतून "तुम्हाला त्यातलं काय कळतं" असं ऐकू येतं तेव्हा आपण गप्प बसतो.

१९६३ साली धंदा सुरू झाला तो सात हजार रुपयांवर. ही रक्कम एकट्याची नव्हती. घरातल्या तीन पिढ्यांची ती साठवण होती. सुरुवात रॉकेलपासून झाली. मग डिझेल, ट्रॅक्टर, बियाणं, खतं, तुषार सिंचनाचे संच, पाइप अशा शेतकऱ्याला लागणाऱ्या एकेका वस्तूची एजन्सी येत गेली. पंधरा वर्षांत उलाढाल सुमारे दहा लाखांवरून अकरा कोटींवर गेली. पण एजन्सीचा धंदा म्हणजे दुसऱ्याचा माल. कंपनीने एजन्सी काढून घेतली की हातात काही उरत नाही. ज्याच्या घरात एजन्सी आहे तिला ही धास्ती सांगायला नको.

१९७८ चा लिलाव

जळगाव हा केळीचा मुलूख. तिथे केळीची भुकटी करायचा एक कारखाना होता. चौदा वर्षं जुना आणि आजारी. तो विक्रीला निघाला. भवरलालजींच्या बोलीचा आकडा होता तीस लाख रुपये आणि तीच सगळ्यात मोठी बोली ठरली. त्यांची स्वतःची गंगाजळी त्या वेळी होती फक्त दोन लाख.

आता हिशेब करू. जवळ दोन, बोली तीस. म्हणजे स्वतःच्या प्रत्येक रुपयामागे चौदा रुपये उसने. आपल्या घरातल्या कुणी असं केलं तर आपण काय म्हणू? मी तर जेवायला वाढणार नाही! आणि तोही बंद पडत आलेला कारखाना, ज्याचा माल बाजाराला नको झालेला.

पण ज्या क्षणी त्यांनी कारखाना घेतला त्या क्षणी केळीची भुकटी हा विषय त्यांच्या डोक्यात संपलेला होता. त्यांना हवी होती ती यंत्रं. त्या यंत्रांत फेरफार करून त्यांनी पपईच्या चिकापासून पपेन तयार करायला घेतलं. कच्च्या पपईला आपण सुरीने ओरखडा काढला की पांढरा चीक येतो ना, तोच. तो गोळा करायचा, वाळवायचा, शुद्ध करायचा. त्यात प्रथिनं फोडणारं एक द्रव्य असतं, त्याला पपेन म्हणतात. पचनाच्या औषधांत ते वापरतात आणि परदेशात त्याला गिऱ्हाईक होतं. भुकटीचा कारखाना अशा रीतीने पपेनचा कारखाना झाला आणि माल बाहेरदेशी जाऊ लागला.

सासूबाईंचा प्रश्न इथे लावून बघू. कशाच्या जोरावर? जोर यंत्रांचा नव्हता, ती जुन्या मालकाकडेही होती. जोर होता तो पंधरा वर्षांच्या ओळखीचा. पपईचा चीक एखाद्या गोदामातून उचलता येत नाही. तो शेतकऱ्याने झाडावरच्या फळाला चिरा देऊन, थेंब थेंब जमवून आणावा लागतो. त्यासाठी शेतकऱ्याने आधी पपई लावली पाहिजे आणि माल घेतला जाईल, पैसे मिळतील असा त्याचा भरवसा पाहिजे. बियाणं-खतं देताना जो माणूस पंधरा वर्षं त्याच्या बांधावर गेला, त्याच्याकडे हा भरवसा होता. जुन्या ताळेबंदात याचा एक रुपयाही दिसला नसता. तो खरेदीदाराने स्वतःबरोबर आणला होता.

पुढचं आपल्याला माहीत आहे. १९८० मध्ये पीव्हीसी पाइपचा कारखाना निघाला, वर्षाला तीनशे टनांचा, म्हणजे तसा लहानच. इथेही तीच रीत. पाइप ते आधी दुसऱ्यांचे विकत होते, गिऱ्हाईक ओळखीचं होतं, मग ते स्वतः करू लागले. १९८६ च्या अखेरीस जैन इरिगेशन ही कंपनी नोंदली गेली आणि त्या दशकाच्या शेवटी ठिबक सिंचन आलं.

वालचंदशेठांचं जहाज

विकत घेतलेली वस्तू एक आणि विकत घेतलेली संधी दुसरी, हा फरक समजायला आणखी एक गोष्ट सांगते. ती जुनी आहे आणि समुद्रावरची आहे, पण माणूस आपल्या शेजारच्या सोलापूरचा. वालचंद हिराचंद, जन्म १८८२, दिगंबर जैन घराणं, धंदा रेल्वेच्या ठेकेदारीचा. १९१९ मध्ये ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांचं 'लॉयल्टी' नावाचं जहाज विक्रीला आहे असं त्यांना कळलं. हे जहाज १८९१ चं, कॅनडाच्या एका कंपनीने बांधून घेतलेलं. पहिल्या महायुद्धात ते जखमी सैनिकांसाठी तरंगतं इस्पितळ म्हणून वापरलं गेलं. वालचंदशेठांनी नरोत्तम मोरारजी वगैरे मंडळींना बरोबर घेऊन ते विकत घेतलं आणि सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी केली. ५ एप्रिल १९१९ ला 'लॉयल्टी' मुंबईहून लंडनला निघालं. तोच दिवस आज देशात राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतात.

आणि जहाजाचं काय झालं? अठ्ठावीस वर्षांचं म्हातारं जहाज ते. चार वर्षांत, १९२३ मध्ये, मुंबईतच भंगारात निघालं. नुसत्या वस्तूच्या हिशेबाने ही खरेदी तोट्याची. पण इंग्रज कंपन्यांच्या ताब्यातल्या समुद्रावर एका हिंदी कंपनीने पाय ठेवला, तो पुढे कित्येक दशकं टिकला.

मात्र एक लक्षात ठेवू. वालचंदशेठांच्या मागे भागधारकांचं भांडवल होतं, म्हणून ते म्हातारं जहाज पचवू शकले. आपल्या मुलाने घेतलेलं दुकान चार वर्षांत भंगारात निघालं तर मागे फक्त आपलं घर असतं. मोठ्यांच्या गोष्टीतून धाडस घ्यावं, पण त्यांची ऐपत आपल्याला उसनी मिळत नाही.

कर्जाची बाजू

जळगावची गोष्ट अर्धी सांगून थांबले तर तुम्हाला वाटेल, दोन लाखांवर तीस लाखांची बोली लावावी. म्हणून पुढचंही सांगते.

नव्वदच्या दशकात कंपनी आपल्या ओळखीच्या शेतीतून बाहेर पडली. वित्त, माहिती तंत्रज्ञान, ग्रॅनाइट अशा धंद्यांत गेली आणि त्यात पैसा अडकला. भवरलालजींनी तेव्हा भागधारकांची जाहीर माफी मागितली आणि कंपनी परत शेतीकडे वळवली. असं करणारे उद्योगपती थोडेच. क्षमापनेचा संस्कार आपण संवत्सरीला पाळतो, त्यांनी तो ताळेबंदापर्यंत नेला.

त्यानंतर परत खरेदीचा काळ आला. २००६ मध्ये अमेरिकेतल्या ठिबकच्या चॅपिन आणि अक्वेरियस या कंपन्या आणि कांदा सुकवणारी कॅस्केड स्पेशालिटीज. २००७ मध्ये इस्रायलच्या नानदान या कंपनीचा अर्धा वाटा, २०१२ मध्ये उरलेला अर्धा. ज्या इस्रायलकडून जगाने ठिबक शिकलं, तिथली कंपनी जळगावच्या माणसाने घ्यावी याचा अभिमान वाटतोच. या खरेद्या ओळखीच्या धंद्यातल्याच होत्या. पण धंदा वाढत गेला तसं कर्जही वाढत गेलं. भवरलालजी २५ फेब्रुवारी २०१६ ला गेले. २०१९ मध्ये कंपनीला कर्जाचे हप्ते देता आले नाहीत. तीन वर्षं बँकांशी बोलणी चालली, २०२२ मध्ये कर्जाची फेररचना झाली आणि मार्च २०२३ मध्ये परदेशातला सिंचनाचा व्यवसाय रिवुलिस या कंपनीत विलीन करून बोजा हलका करण्यात आला. कंपनी टिकली, पण हौसेने घेतलेलं बरंचसं हातातून सोडावं लागलं.

तीच माणसं, तीच निष्ठा, तरी कर्जाने १९७८ मध्ये तारलं आणि २०१९ मध्ये दमवलं. आपल्या परिग्रह-परिमाण व्रतात मर्यादा आधी ठरवायची असते, हाव सुटल्यावर नाही. ते व्रत फक्त दागिन्यांच्या डब्यासाठी आहे असं मला वाटत नाही. धंदा घेताना किती कर्जाच्या पुढे जायचं नाही, हा आकडा सौद्याच्या आधी कागदावर लिहून ठेवला तर तेही परिमाणच.

कोणता धंदा

आपल्यासाठी आणखी एक चाळणी आहे. श्रावकाने टाळायचे पंधरा कर्मादान आपण प्रतिक्रमणात म्हणतो. अंगारकर्म, वनकर्म, दंतवाणिज्य, रसवाणिज्य, केशवाणिज्य, विषवाणिज्य, यंत्रपीडन... तोंडपाठ आहेत. पण नवा धंदा सुरू करताना जितका विचार होतो तितका चालता धंदा घेताना होत नाही, कारण तो आधीपासून चालूच असतो. "पहिला करत होता, आपण फक्त पुढे चालवतोय" असं म्हणून मन मोकळं होतं. कर्म मात्र असं हस्तांतरित होत नाही, जो करतो त्याला ते लागतं.

प्रश्न सोपे नाहीत. पपेनचंच घ्या. ते पचनाच्या औषधात जातं, तसं जगात मांस मऊ करायलाही वापरलं जातं. झाडाच्या चिकाची वस्तू, हिंसा कुठे दिसत नाही, पण पुढे ती कुठे जाईल ते विकणाऱ्याच्या हातात राहत नाही. आपल्या जिल्ह्यातलं कृषी सेवा केंद्र घ्या. बियाणं देतो तोवर ठीक, पण त्याच फळीवर कीटकनाशकाच्या बाटल्या असतात. कुणी म्हणेल शेतकऱ्याचं पीक वाचतं, कुणी म्हणेल हे विषवाणिज्य. मी निकाल देणारी कोण? महाराजसाहेबांना विचारावं, घरात बोलावं आणि सौदा होण्याआधी बोलावं. सगळा माल घेऊन झाल्यावर फळीवरच्या बाटल्यांचा विचार करायला फार उशीर झालेला असतो.

सौद्याआधी घरातून विचारायचं

मी बी.कॉम. झाले तेव्हा वाटायचं, हे कलम पाठ करून चूल फुंकायला काय उपयोग. पण दोन-तीन गोष्टी खरंच उपयोगाच्या आहेत.

पहिली गुडविलची. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं कलम २७ म्हणतं की कुणाला धंदा करण्यापासून रोखणारा करार चालत नाही. अपवाद आहे तो गुडविल विकल्याचा. दुकानाचं नाव आणि गिऱ्हाईक विकलं असेल, तर ठरावीक, वाजवी हद्दीत तोच धंदा परत करणार नाही अशी अट विकणाऱ्यावर घालता येते. पण ती लिहून घ्यावी लागते. नाहीतर दुकान आपल्याला विकून तो पुढच्या गल्लीत पाटी लावेल आणि गिऱ्हाईक त्याच्यामागे जाईल. मग आपण घेतलं काय, फळ्या आणि काटा?

दुसरी कराची. २०१७ च्या केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम ८५ प्रमाणे, धंदा हस्तांतरित होण्याआधीचा कर थकलेला असेल तर त्याला विकणारा आणि घेणारा दोघंही जबाबदार. म्हणून आधीचे विवरणपत्रक सीएकडून तपासल्याशिवाय बयाणा देऊ नये.

तिसरी आपल्या जिल्ह्याची, कुठल्याही पुस्तकात नसलेली. विकणारा नेहमी दसरा-दिवाळीची विक्री दाखवतो. बीडमध्ये त्या दिवसांत ऊसतोडीला निघालेल्या घरांत उचल आलेली असते, कापूसही बाजारात येत असतो, त्यामुळे दुकान भरलेलं दिसतं. टोळ्या कारखान्यांवर गेल्या की गावं अर्धी रिकामी होतात आणि उन्हाळ्यानंतर पेरणीच्या तोंडाला तर सगळं उधारीवर. म्हणून बारा महिन्यांचा रोजमेळ मागावा आणि ज्येष्ठ-आषाढाची पानं आधी उघडावीत. त्याचबरोबर विचारावं, जुनी उधारी कुणाची? ती आपण विकत घेत असू तर कुणाकडे किती आणि किती दिवसांची, याची यादी हवी. तीन वर्षं न आलेली उधारी वहीत सोन्यासारखी दिसते, पण तिची किंमत कागदाची.

चौथा प्रश्न सासूबाईंचाच. विकणाऱ्याकडे जे नव्हतं असं आपल्याकडे काय आहे? ओळख असेल, कसब असेल, गावाचा विश्वास असेल, घरातलं एखादं राबणारं माणूस असेल. उत्तर "पैसा" एवढंच आलं आणि तोही उसना असला, तर सोनं डब्यातच राहू द्यावं. उत्तर नीट आलं, तर मागेपुढे न बघता पाटल्या काढून द्याव्यात. आमच्या घरात त्या परत आल्या, आता त्या माझ्या सुनेच्या हातात आहेत.

तुमच्या घरात असा सौदा झाला असेल, चांगला किंवा वाईट, तर मुलींना जरूर सांगा. आपल्या वह्या दर दिवाळीला पूजेत असतात, पण आत काय लिहिलंय ते मुलींना कुणी वाचून दाखवत नाही. या पाडव्याला एखादं जुनं पान उघडून दाखवू या.

जय जिनेंद्र.